आधी पिल्लाची आई पाहावी

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये कुत्र्याच्या पिल्लांचा हंगाम ठरलेला असतो. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात. त्यानंतर साधारण नऊ आठवड्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, गोठ्यातल्या पेंढ्यात, पडवीच्या कोपऱ्यात नाहीतर मुंबईला गेलेल्या कुणाच्या बंद घराच्या ओटीवर त्या वितात. पौष-माघ उजाडला की पिल्ले अंगणभर पळू लागतात आणि ‘एखादे घेऊन जा की’ असा आग्रह सुरू होतो. महाड शहरात, बिरवाडीच्या एमआयडीसी परिसरात किंवा चाकरमान्यांच्या मुंबईतल्या घरांत मात्र पिल्लू येते ते फोनवरचा फोटो पाहून, बाराही महिने, लॅब्रेडॉर, पग, हस्की अशा नावांनी. वाट कुठलीही असो, निवड बहुतेक वेळा दोन मिनिटांत उरकते. रंग आवडला, डोळे आवडले, मुलाने कडेवर घेतले आणि खाली ठेवायला तयार होईना. पुढची दहा-बारा वर्षे त्या दोन मिनिटांवर ठरतात.

इथल्या घरांसाठी हा क्रम उलटा करायला हवा. आधी घर पाहायचे, मग वर्षाचे ऋतू पाहायचे, मग पिल्लाची आई पाहायची आणि पिल्लू सगळ्यात शेवटी.

घर पाहायचे म्हणजे चौरस फूट मोजायचे असे नव्हे. महाडच्या बाजारपेठेतल्या घराचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे. सावित्री आणि गांधारी या नद्यांचा पूर शहराला नवा नाही, पण २२ जुलै २०२१ च्या रात्रीने जुने अंदाज मोडले. तळमजले बुडाले आणि काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला लागले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. ज्या घराला मध्यरात्री जिन्याने वर चढावे लागते, नावेत बसावे लागते किंवा अर्ध्या तासात डोंगराखालून निघावे लागते, त्या घराने कुत्रा निवडताना एक साधी कसोटी लावावी: घरातल्या एका माणसाला तो उचलून नेता येईल का? गावठी कुत्रा भरून भरून पंधरा-वीस किलोंचा होतो. लॅब्रेडॉर पंचवीस ते पस्तीस किलोंपर्यंत जातो, जर्मन शेफर्डचा नर चाळिशीला टेकतो आणि सेंट बर्नार्ड माणसाएवढा भरतो. साखळीने बांधलेला मोठा कुत्रा पुरात काय करील याचा विचार पिल्लू तळहातावर मावत असताना कुणाला सुचत नाही, आणि तो सुचायची वेळ तीच असते.

वाडीवरच्या घराचे प्रश्न वेगळे. तिथे अंगण आहे, गोठा आहे, परसात फणस आणि केळी आहेत. त्यांवर वानरांची आणि माकडांची धाड येते, भातावर रानडुकरे येतात, आणि रात्री बिबट्या फिरतो. कुत्रा हवा तो राखणीसाठी. पण याच राखणदाराला बिबट्या भक्ष्य म्हणून ओळखतो. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले इथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्या आणि गुरे त्यामागे होती. अकोले आणि पोलादपूर यांची रचना सारखी नाही, तरी घाटाच्या पायथ्याच्या वाडीला यातून घ्यायचा धडा आहेच. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही. ज्या घरात कुत्र्याला रात्री पडवीत, दार लावून घेऊन ठेवायची तयारी नाही, त्या घराने पिल्लू आणण्याआधी त्या दाराचा विचार करावा.

तिसरे घर फ्लॅटमधले. एमआयडीसीत नोकरी, तीन पाळ्या, नवरा-बायको दोघेही बाहेर, मूल शाळेत. इथे जागेपेक्षा वेळ कमी असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागते, दर दोन-अडीच तासांनी बाहेर न्यावे लागते, आणि दिवसाचे आठ तास कोंडून ठेवले तर ते चपला, सोफा आणि शेजाऱ्यांची झोप यांवर सगळा राग काढते. सोसायटीने कुत्र्याला मनाई केली तर रहिवाशांना भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवता येतात, कारण सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही असे त्या सांगतात. दिवसभर घरात माणूस नसण्यावर मात्र कुठल्याही सूचनेचा उपाय नाही. अशा घराला पिल्लाऐवजी शांत स्वभावाचा, दोन-तीन वर्षांचा वाढलेला कुत्रा जास्त मानवतो.

ऋतूंचा मुद्दा इथे फार जड आहे. महाडचा एप्रिल-मे चाळिशीच्या आसपास तापतो आणि त्यात दमटपणा मिसळलेला असतो. जूनपासून चार महिने तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, घाटमाथ्याकडे त्याहून जास्त. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो तोंडातला ओलावा हवेत सोडतो आणि अंग निववतो. हवा आधीच ओली असली की ही युक्ती फसते. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी घडवलेल्या हस्कीच्या अंगावर दुहेरी केस असतात, आणि आल्प्सच्या खिंडीत मठवासीयांनी पाळलेला सेंट बर्नार्ड थंडीसाठीच बनलेला. यांना महाडात आणायचे म्हणजे उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत ठेवायचे आणि पावसाळ्यात दाट केसांच्या मुळाशी कधी न वाळणारी ओल, बुरशी आणि गोचीड यांच्याशी रोज झगडायचे. मुंबईत न झेपलेला असा कुत्रा गणपतीला येताना आणून आई-वडिलांकडे कायमचा सोडणे हा त्याच्यावर आणि त्या म्हाताऱ्या माणसांवर, दोघांवरही अन्याय आहे.

पगची गोष्ट याहून दुःखाची. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग देशभर पोहोचला आणि घरोघरी पगची मागणी वाढली. त्याआधी १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने पांढऱ्या स्पिट्झला, ज्याला महाराष्ट्र सरसकट पॉमेरियन म्हणतो, तेच वैभव मिळवून दिले होते. अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदी आणि ८७ चित्रपट तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की गाजलेल्या चित्रपटातल्या जातीची मागणी पुढे दहा वर्षांपर्यंतही चढी राहू शकते. टफीच्या जातीने निदान इथला उकाडा बऱ्यापैकी सोसला. पगचे नाकच चेपलेले. श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे धाप टाकून अंग निववणे त्याला जमत नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारी पाच मिनिटांच्या धावपळीनेही तो कोसळू शकतो. नेदरलँड्सने २०१९ मध्ये नियम कडक करून, ज्यांचे तोंड कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाहूनही आखूड आहे अशा कुत्र्यांची पैदास बंद केली. युरोपच्या थंड हवेत ही वेळ येते, तर महाडच्या उन्हात त्या प्राण्याला आणणे दयेचे ठरत नाही.

यात दवाखान्याचे अंतरही मोजावे लागते. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांसाठी उभे राहिले. लस, जंताचे औषध, जखमेचे टाके इथे होतात. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया, खुब्याच्या सांध्याचा दोष, पोट फिरणे अशा दुखण्यांसाठी मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय किंवा १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, नाहीतर पुणे. महामार्गाने मुंबई पावणेदोनशे किलोमीटर, आणि पुण्याकडे नेणारा वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद असतो. म्हणून ज्या जातीचा दवाखान्याशी नित्याचा संबंध येतो ती जात इथल्या घराला परवडत नाही, विकत घेताना कितीही स्वस्त मिळालेली असो.

मग जात पाहायचीच नाही का? पाहायची, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे कळून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे एकत्र तपासले गेले. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, याचे फक्त नऊ टक्के उत्तर जातीतून मिळाले. आकार, केस, चेहरा, आजार हे जातीवरून बऱ्यापैकी ओळखता येते. ‘लॅब्रेडॉर म्हणजे मुलांशी प्रेमळ’ किंवा ‘रॉटवायलर म्हणजे चावरा’ एवढ्यावर मात्र विसंबता येत नाही. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह तेवीस जातींवर बंदी आणण्यासाठी राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केले. जात कुठलीही असो, आपला कुत्रा कुणाच्या जिवाला धोका होऊ नये अशी काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली शिक्षा होऊ शकते, हे मात्र पक्के आहे.

देशी जातींचा अभिमान अलीकडे वाढला आहे आणि तो योग्यच आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखला जाणारा सडपातळ शिकारी कुत्रा २००५ मध्ये टपाल तिकिटावर आला आणि २०१६ मध्ये त्याची पिल्ले मेरठच्या सैन्य केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. सोलापूर, सांगलीकडच्या माळावर तो शोभतो. नजरेने सावज हेरायचे आणि मोकळ्या रानात वाऱ्यासारखे धावायचे, ही त्याची घडण आहे. पोलादपूरच्या दाट रानात, दरीच्या काठावर तो सशामागे सुटला तर परत येईलच असे नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे कुत्र्याकडून झालेली शिकारही गुन्हाच असते. शिकारीसाठी पिल्लू शोधणाऱ्यांना तर कुठलेच पिल्लू मिळू नये. घाटातल्या बहुतेक घरांना कारवान पेलणार नाही. ज्याला रोज दोन वेळा कुंपणाच्या आत मोकळा पळवता येतो त्यानेच त्याचा विचार करावा.

राहिला गावठी. त्याचे केस आखूड, नाक लांब, पाय मजबूत, आणि हवामान पिढ्यान् पिढ्यांच्या ओळखीचे. या ताकदीमागची किंमत कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटाने मोजली आहे. रस्त्यावरच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा त्यांनी पाठपुरावा केला. सात महिन्यांपर्यंत जगली ती केवळ १९ टक्के. मेलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू माणसामुळे झाला होता: गाडीखाली, विषाने, माराने किंवा कुणी उचलून नेल्याने. तेव्हा ‘गावठीला काही होत नाही’ हा समज खोटा आहे. जी मेली ती कुणाच्या डोळ्यांसमोर राहिली नाहीत, एवढेच. पार्व्हो विषाणूने रक्ताची हगवण लागली की गावठी पिल्लूही दोन-तीन दिवसांत जाते. लस, जंताचे औषध आणि पोटभर अन्न मिळाले तर मात्र या भागातल्या दहांतल्या आठ घरांना गावठी पिल्लू हेच उत्तर आहे, असे निःशंक म्हणता येईल.

आता आई. पिल्लाच्या अंगात आईचे रक्त असते, तिच्या दुधातली प्रतिकारशक्ती असते, आणि तिच्या वागण्याचे संस्कारही असतात. अनोळखी माणूस अंगणात आला तर ती काय करते? भुंकून, वास घेऊन, घरातल्या माणसाने हाक मारल्यावर शांत होते, की शेपूट पायांत घालून गोठ्यामागे दडते, की सावध न करता अंगावर येते? तिच्यापुढच्या भाकरीला हात लावला तर? कोंबड्या तिच्या पुढ्यात निर्धास्त चरतात का? व्यायलेली कुत्री चार-पाच दिवस चिडकी असते, ते सोडून द्यावे. पण दीड महिन्याच्या पिल्लांची आईसुद्धा प्रत्येक पाहुण्याला घाबरत असेल तर ती भीती थोडीबहुत पिल्लांत उतरलेली असण्याची शक्यता मोठी. गावात पिल्लू घेण्याचा खरा फायदा हाच, की आई समोर दिसते, बहुधा तिची आईही दिसते, आणि मागच्या वेताची पिल्ले कुणाकडे आहेत, कशी निघाली, हे वाडीतल्या कुणालाही विचारता येते. असा दाखला पैसे मोजूनही मिळत नाही.

विकणाऱ्याकडून घेतानाही आग्रह हाच धरावा. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे व्यावसायिक पैदास करणाऱ्याला राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, आणि दीड वर्षाखालच्या किंवा आठ वर्षांवरच्या मादीपासून पैदास करता येत नाही. ‘आई दुसऱ्या गावाला आहे’, ‘पिल्लू गाडीने पाठवतो, महामार्गावरच्या हॉटेलापाशी घ्या’ असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये. त्या आईची अवस्था दाखवण्यासारखी नसते म्हणूनच ती दाखवली जात नाही.

आठ आठवड्यांची अट लोकांना जाचक वाटते, कारण ‘लहान आणले की लळा लागतो’ अशी समजूत घट्ट आहे. चार-पाच आठवड्यांचे पिल्लू आईपासून तोडून बाटलीने दूध पाजण्यात माया दिसते, पण त्याचे नुकसान होते. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावले की समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो. दात किती लावायचे हे पिल्लू तिथे शिकते. इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि दोन महिने आईपाशी राहिलेल्या कुत्र्यांची तुलना केली. लवकर तोडलेल्यांत भित्रेपणा, अति भुंकणे आणि खाण्यावरून गुरगुरणे जास्त आढळले.

उशीर करण्यालाही मर्यादा आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून केलेले निरीक्षण १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आले. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या काळात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला आपले वाटते, आणि जे त्या काळात भेटत नाही त्याची पुढे धास्ती राहते. मार्गशीर्षात जन्मलेले पिल्लू पौष-माघात घरी येते आणि फाल्गुनात शिमग्याची पालखी दारी नाचते तेव्हा ते जेमतेम तीन महिन्यांचे असते. ढोल-ताशा, गर्दी, नवे चेहरे ओळखीचे व्हायला याहून चांगला मुहूर्त नाही, मात्र आवाज दुरून, हळूहळू आणि घरच्या माणसाच्या मांडीवर बसून ऐकवायचा. शेळ्या-कोंबड्या असलेल्या घराने पिल्लाला याच दिवसांत त्यांच्यात वावरू द्यावे. जनावरे राखणाऱ्या कुत्र्यांवर रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी केलेल्या कामाचे सार हेच आहे: कळपात वाढलेले पिल्लू कळपाला धरून राहते. घाटातल्या धनगरवाड्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. हिवाळ्यातल्या पिल्लाला आणखी एक लाभ मिळतो. उन्हाळा आणि पाऊस सुरू होण्याआधी त्याच्या लसी पुऱ्या होतात. जुलैत आणलेले पिल्लू ओल्या अंगणात, गोचिडांच्या आणि उंदरांच्या दिवसांत अर्धवट लसीवर वाढते.

पिल्लांच्या घोळक्यासमोर बसल्यावर मग पाहायचे तरी काय? महाडच्या माणसाला कुत्रा म्हटले की रायगडावरचा वाघ्या आठवतो. शिवसमाधीजवळचा तो पुतळा १९३६ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या साहाय्याने उभा राहिला. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाशी शिवरायांच्या चितेत उडी घेणाऱ्या वाघ्याच्या कथेचे नाते जोडले जाते, समकालीन साधनांत तिचा आधार नसल्याचे अभ्यासक सांगतात, आणि २०१२ मध्ये पुतळा हलवला जाऊन पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी पुन्हा झाली. इतिहासाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण धन्यावर जीव टाकणारा कुत्रा हवा, आणि तो पिल्लातच ओळखू यावा, ही इच्छा या परिसरात खोल रुजलेली आहे. तिच्यातून अनेक परीक्षा निघाल्या. मानेच्या कातडीला धरून उचलायचे आणि ओरडले नाही तर शूर मानायचे. वीस नखांचा कुत्रा हटकून घ्यायचा. कुत्र्याला सहसा अठरा नखे असतात. मागच्या पायांना अंगठ्यासारखी दोन जास्तीची असणे हा जन्मजात गुण आहे, धाडसाशी त्याचा संबंध नाही.

शास्त्रीय म्हणवणाऱ्या परीक्षाही फार पुढे नाहीत. व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या पिल्लांची नवजात असताना, मग सहा-सात आठवड्यांची असताना आणि पुढे मोठेपणी चाचणी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लहानपणीच्या वागण्याचा मोठेपणीच्या वागण्याशी मेळ फारच थोडा बसला. म्हणून पिल्लात भविष्य शोधण्यापेक्षा आजची तब्येत पाहावी. डोळे आणि नाक स्वच्छ, हिरड्या गुलाबी, कातडीवर खरजेचे टक्कल नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही. फुगलेले पोट बाळसे नसून जंतांचे लक्षण असते. टाळी वाजवल्यावर दचकून पुन्हा कुतूहलाने पुढे येणारे पिल्लू बहुतेक घरांना चालते. कोपऱ्यात थरथरत बसलेल्याची दया येते, ती योग्य आहे, पण लहान मुलांच्या गडबडीच्या घरात त्याचे हाल होतात. त्याला शांत, अनुभवी घर द्यावे.

नर की मादी, हा प्रश्न गावात विचारलाही जात नाही. सगळ्यांना नर हवा असतो. माद्या मागे राहतात आणि मग एखाद्या पहाटे पिशवीत घालून महामार्गाच्या कडेला, बाजाराच्या आवारात किंवा नदीकाठी सोडल्या जातात. ही क्रूरता आहे आणि तिला दुसरे नाव देऊ नये. राखणीच्या दृष्टीनेही ही निवड चुकीची आहे. नर भाद्रपदात पाच-पाच दिवस घराबाहेर राहतो, फाटलेले कान घेऊन येतो, आणि चौपदरी झालेल्या मुंबई-गोवा महामार्गावर अनेकदा येतच नाही. मादी घर धरून असते, आणि तिच्या राखणीत उणे काही नसते. पिल्लांची भीती असेल तर सहा महिन्यांनंतर, पाऊस लागण्याआधी नसबंदी करून घ्यावी. हिवाळ्यात जन्मलेल्या मादीसाठी तो काळ मे महिन्यात येतो.

घरी आणल्यानंतरच्या गोष्टींतही स्थळाचा विचार आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिच्या पुढच्या मात्रा, तीन महिन्यांला रेबीजची, हा क्रम सगळीकडचा. महाडने त्यात लेप्टोस्पायरोसिसकडे खास लक्ष द्यावे. उंदरांच्या मुतातले जंतू पुराच्या आणि साचलेल्या पाण्यातून पसरतात, कुत्र्याचे मूत्रपिंड आणि यकृत निकामी करतात आणि कुत्र्याकडून माणसाकडेही येतात. लशीतला लेप्टोचा भाग साधारण वर्षभरच पुरतो, तेव्हा दरवर्षीची मात्रा मे महिन्यात घ्यावी. ज्या घरात मागच्या वर्षी पार्व्होने पिल्लू गेले, तिथल्या मातीत तो विषाणू अनेक महिने तग धरतो. नवे पिल्लू लस पुरी झाल्यावरच आणावे. आणि हा विंचू-सापांचा मुलूख आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू केलेले विंचूदंशावरचे काम जगभर गेले ते इथल्या रुग्णांमुळेच. बिळात, दगडी गडग्यात तोंड घालण्यासाठीच घडवलेला डॅशहुंड अशा परसात फुरसे आणि घोणस यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो.

लहान मुलांच्या घरात एक गोष्ट मोठ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. पिल्लाचा दात लागला तर ‘पिल्लूच ते’ म्हणून सोडून देऊ नये. रेबीज पिल्लांनाही होतो आणि लस न झालेले, रस्त्यावरून उचललेले पिल्लू त्याला अपवाद नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

वाड्यांवरच्या कितीतरी घरांत आज दोन म्हातारी माणसेच उरली आहेत. सत्तरीच्या जोडप्याला पिल्लू देणे मुलांना प्रेमाचे वाटते. पण पायांत घोटाळणारे पिल्लू म्हणजे पडण्याची भीती, आणि बारा वर्षांनी त्या कुत्र्याचे कोण करणार हा प्रश्न राहतोच. आजारपणात महिनाभर मुंबईला जावे लागले तर त्याला भाकरी कोण घालील हे आधी ठरायला हवे. ते ठरत नसेल तर पिल्लू आणू नये. अशा घरांसाठी वाडीत एक जुनी सोय आहे. चार घरांच्या भाकरीवर जगणारा, रात्री चारही अंगणांत फेरी मारणारा कुत्रा बहुतेक वाड्यांत असतोच. त्याला नाव असते, मालक नसतो, आणि म्हणून लसही नसते. एखाद्या भागातल्या कुत्र्यांपैकी सत्तर टक्क्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुंबई-गोवा महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला गोव्याने ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साथीने घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लसी टोचल्या आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. पोलादपूरच्या वाडीला त्यासाठी राज्याची वाट पाहावी लागत नाही. चार घरांनी वर्गणी काढून त्यांच्या सामाईक कुत्र्याला वर्षातून एकदा दवाखान्यात नेले तरी सुरुवात होते.